सागरमित्राची गाबोळी

१ जुलै १९८४, रविवार
आजपासून सिगारेट बंद, पहाटे पाचला उठणे आणि समुद्र वाचवणे. (उठलो आठला. रविवार होता.) मोरा बंदराच्या शाळेत विज्ञान मी शिकवतो, मग समुद्र दुसरं कोण वाचवणार? हेडमास्तर दिवाळीत रिटायर होताहेत. नारळी पौर्णिमेला शिक्षणाधिकारी येणार. माझी 'सागरमित्र योजना' बघितली की खुर्ची आपलीच.

३ जुलै
योजना तयार. अख्ख्या कोळीवाड्याने शपथ घ्यायची: पावसाळ्यात मासळी अंड्यावर असते, तेव्हा होड्या लोटणार नाही. क्रांतिकारक! सौ. म्हणाली, आधी कोळ्यांना विचारा तरी. बायकांना दूरदृष्टी नसते.

८ जुलै, रविवार
चांगुणाबाईच्या ओटीवर सभा. म्हातारी सुकट विकते, वाड्यात तिचा शब्द चालतो. दोन तास बोललो. शेवटी म्हणाली, मास्तर, पावसाचं आमी कवा जातो दर्यान? दर्याला नारल दिल्याबिगर आमची होडी हालत नाय, आज्या-पंज्यापासून.
म्हणजे पहिल्याच सभेत शंभर टक्के यश! तसा अहवाल लिहिला. सगळ्या होड्या किनाऱ्यावर झापांखाली होत्या, ते येताना दिसलं. जाताना चष्मा ओला होता.

१६ जुलै
सातवीला सर्वेक्षण दिलं. पावसाळ्यात अंड्याची मासळी कोण खातं, घरोघर विचारा. नावं तक्त्यावर लाल शाईने, वर मथळा 'सागरशत्रू'. लाजून सुधारतील लेकाचे. एकही घर सोडायचं नाही, अशी सक्त ताकीद दिली.
सिगारेट दोनच.

२८ जुलै, शनिवार
उद्यापासून श्रावण. चांगुणाबाईकडे गाबोळी मागितली. हसली. पोटुशी मासली कोन मारतो, मास्तर, म्हणाली आणि सुकट पुढे केली. भावनाप्रधान समाज! शेवटी उरणच्या बाजारात ट्रॉलरची मिळाली. अंड्यांची काय जाड, पिवळी जोडी! तळली. मासा मेलेलाच होता, मी नाही खाल्ला म्हणून काय जगणार होता? शिवाय अभ्यास झाला. रात्री उरलेलाही अभ्यास केला.

७ ऑगस्ट
मुलं तक्ता दाखवत नाहीत. साहेबांसमोरच उघडणार म्हणे. याला म्हणतात शिस्त! सफारीला इस्त्री झाली.

११ ऑगस्ट, शनिवार, नारळी पौर्णिमा
साहेबांनी तक्ता उघडला. एकशे बेचाळीस घरं, सगळीकडे 'नाही'. खाली लाल शाईत एकच नाव. माझं. 'गाबोळी, तळून, दोन वेळा. माहिती देणार: मास्तरांची बायको.'
साहेबांनी विचारलं, हे तुम्हीच का? हो म्हणालो. एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती. खुर्ची गेली, हे तिथेच कळलं.
वाड्यातल्या बायकांबरोबर बघायला आलेली चांगुणाबाईच मध्ये पडली. साहेब, रागवू नका, मास्तर देशावरचा हाय, शिकल हलूहलू. साहेब म्हणाले, उत्तम, मग तुम्हीच शिकवा. योजनेची प्रमुख आता ती. दर रविवारी चार वाजता तिच्या ओटीवर वर्ग, सातवीबरोबर मीही बसायचं. वही आणायला सांगितली आहे.
घरी आल्यावर सौ.ला विचारलं, कशाला सांगितलंस? म्हणाली, मुलांनी विचारलं, तुमचीच ताकीद होती ना?
उद्याच रविवार. पेन्सिलीला टोक केलं.