दहा परवाने

बाकोंगो, ब्राझाव्हिल
१४ ऑगस्ट २००४

प्रिय बोनिफास,

क्लोव्हिस काल दुपारच्या बोटीने आला. जेवला, माझ्या गुडघ्याची चौकशी केली आणि मग म्हणाला की, बाबा आईचा दुखवटा सोडायला तयार नाहीत. फिलोमेनला जाऊन वर्ष होऊन गेलं. पोरं अजून काळ्या कपड्यांत आहेत. ओदीलचं लग्न त्यापायी अडलं आहे. आपल्याकडे या कामी मामाने उभं राहून आधी बोलायचं असतं. गेलेल्या माणसाकडे कुणाचं काही राहिलेलं नाही, असं चारचौघांत सांगायचं, मग काळं उतरतं. मी त्यांचा मामा. तुझ्या निरोपाची वाट बघत होतो. निरोप आला तो असा. कारण विचारलं तर क्लोव्हिसने परतीच्या बोटीची वेळ काढली. निघताना दारात, चपला घालता घालता, खाली बघून त्याने ते सांगितलं. त्याकडे शेवटी येतो. आधी तो रविवार लिहितो. त्यातलं अर्धं तुला माहीत आहे, तरी सगळं लिहितो. अर्धं अर्धं सांगूनच गोष्ट इथवर आली आहे.

अडुसष्ट साल. आफ्रिकेतल्या विजेत्या क्लबांची ती स्पर्धा सुरू होऊन चारेक वर्षं झाली होती आणि आमचा ‘खंड्या’ क्लब तीत पहिल्यांदाच खेळत होता. चिठ्ठीत तुमचं नाव निघालं तेव्हा आमचे अध्यक्ष हिरमुसले. त्यांना विमानाने जावं लागेल असं काहीतरी हवं होतं. मिळाली समोरची किन्शासा, वीस मिनिटांची बोट. कप्तान, आपण आफ्रिका खंड खेळायला निघालोय की आठवड्याच्या बाजाराला, असं त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं होतं. मला मात्र बरं वाटलं. तू त्यांचा गोलकीपर. आपण दोघं याच काठावर, उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या वाळूवर खेळून मोठे झालो. नंतर तू कामाला पलीकडे गेलास आणि माझ्या बहिणीलाही नेलंस.

पहिला सामना तुमच्या मैदानावर झाला. आम्ही तीन शून्यने हरलो. मला एक पेनल्टी मिळाली होती. मी डावीकडे बघतो आणि उजवीकडे मारतो हे अख्ख्या आफ्रिकेत एकाच माणसाला माहीत होतं आणि तो माणूस गोलात उभा होता. रात्री तुझ्या घरी जेवायला बसलो तेव्हा फिलोमेनने कसाव्याच्या पानांची भाजी आणि धुरातला मासा केला होता. कप्तानाला काटे काढून द्या रे, त्याची नजर एकीकडे आणि हात भलतीकडेच जातो, असं तू म्हणालास. ती इतकी हसली की तिला ताट खाली ठेवावं लागलं. तिच्या हसण्याची मला राहिलेली आठवण ती आहे. म्हणजे ती नंतरही हसली असेल. माझ्यासमोर तशी नाही.

दुसरा सामना दोन आठवड्यांनी आमच्याकडे. त्या आठवड्यात दोन्ही सरकारांचं बिनसलं. बुधवारी बोट बंद झाली. गुरुवारी रेफरी मात्र कॅमेरूनमधल्या दुआलाहून विमानाने येऊन बसला. हडकुळा माणूस, शाळामास्तर. नियमांचं पुस्तक वर्तमानपत्राच्या कागदात घालून आणलं होतं. रविवारी दुपारी साडेतीनला मैदानात जो संघ नसेल तो हरला, असं त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. आमच्या संघातले सगळे शनिवारभर धक्क्यावर जाऊन पलीकडे बघत होते. तुमच्या बाजूला बोट बांधून ठेवलेली दिसत होती. आमचा डाव्या बगलेचा खेळाडू म्हणाला, देवाने आपल्यासाठी तीन गोल मारले. कुणी हसलं नाही. पण त्याला गप्पही कुणी केलं नाही.

रविवारी उजाडताना मी अंगणात दाढी करत होतो आणि तू कुंपणाशी उभा होतास. गुडघ्यापर्यंत भिजलेला. वरच्या अंगाच्या कोळीवाड्यातून डोणीत बसून तू आला होतास, धबधब्याकडे ओढ लागू नये म्हणून आधी दोन तास वर जाऊन. हाताला जलपर्णीचा चीक लागला होता. पोलिसांनी धरलं असतं तर तू कित्येक महिने सुटला नसतास. तू शर्टाच्या आतून मेणकापडाचं पुडकं काढलंस. निळ्या दोऱ्याने शिवलेलं. फिलोमेनने रात्री शिवलं, म्हणालास. आत तुमच्या अकरा जणांचे खेळण्याचे परवाने होते, प्रत्येकावर फोटो, आणि सही केलेली संघाची यादी. तुमच्या सचिवाचं म्हणणं होतं की, परवाने वेळेत रेफरीच्या हातात पडले तर संघ आलाच नाही असं त्याला लिहिता येणार नाही. त्याला सामना पुढे ढकलावा लागेल. असा नियम होता की नाही, मला आजही ठाऊक नाही. तुझे शब्द मात्र मला पाठ आहेत.

"त्याला एवढंच सांग, आम्ही बूट घालून धक्क्यावर उभे आहोत."

तू पानात उकडलेल्या कसाव्याचा अर्धा चिक्वांग उभ्या उभ्या खाल्लास आणि गेलास. डोणीवाला सातच्या पुढे थांबणार नव्हता. मी तुला कोपऱ्यापर्यंतही सोडायला आलो नाही. गालावर साबण होता.

तू गेल्यावर मी दोरा कापला आणि अकराही चेहरे बघितले. मग परवाने मेणकापडात गुंडाळून पोटाशी ठेवले आणि वरून पट्टी बांधली. कंबर दुखते म्हणून मी तशी पट्टी नेहमीच बांधायचो. मैदानाच्या खोलीत रेफरीने आमचे परवाने तपासले, फोटो आणि चेहरे जुळवले आणि मग सगळ्यांसमोर मला विचारलं, "समोरच्या संघाकडून काही आलंय का?"

मी म्हटलं, "नाही."

त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा विचारणारा माणूस होता तो. चिठ्ठी, निरोप, कुणी माणूस, काहीही? मी नाही म्हटलं. त्याने ते लिहून घेतलं आणि मी खाली सही केली. तो असा माणूस होता की, पुडकं दिलं असतं तर त्याने सामना नक्की थांबवला असता. हे मला तेव्हाच दिसत होतं.

का, ते लिहितो. अध्यक्षांनी काही सांगितलं नव्हतं. कुणी काही देऊ केलं नव्हतं. पुढच्या फेरीसाठी आक्राला जायचं होतं, विमानाने. मी बत्तीस वर्षांचा होतो, सुतारकाम करत होतो, आणि विमानात कधी बसलो नव्हतो. तीन गोल फेडून जिंकणं आमच्याच्याने झालं नसतं, हेही मला कळत होतं. यापेक्षा मोठं कारण मी छत्तीस वर्षं शोधतोय. सापडलेलं नाही.

साडेतीनला आम्ही मैदानात उतरलो. लोक आले होते, तुम्ही येणार नाही हे माहीत असून आले होते. रेफरीने अर्धा तास थांबायला लावलं. आम्ही अकरा जण आपापल्या जागी उभे होतो आणि समोर नुसतं गवत. मग त्याने शिट्टी वाजवली आणि सांगितलं, चेंडू न्या आणि गोल करा, मला नोंद करायची आहे. मी चेंडू घेऊन निघालो. कुणी आडवं येत नसलं की मैदान फार लांब असतं. लोक आधी हसत होते, मग थांबले. गोलापाशी पोचलो. गोल रिकामा होता. मी डावीकडे बघितलं आणि उजवीकडे मारला.

आक्राला आम्ही पाच शून्यने हरलो. विमानात मला खिडकी मिळाली होती. मी बाहेर फारसं बघितलं नाही.

तुझ्याकडचं मला फार उशिरा कळलं, कारण बोट दोन वर्षं बंद होती आणि टपालही. तुमच्या क्लबाने रेफरीला पत्र लिहिलं. मला कप्तानाकडून काही मिळालं नाही, असं त्याने उलट टपाली कळवलं. तेव्हा सगळं तुझ्यावर आलं. तू जन्माने आमच्या काठाचा, बायको आमच्याकडची, परवाने घेऊन गेलेला तू, परवाने गेले. तुला काढून टाकलं. तू हातमोजे आणि स्वतःचे सगळे फोटो अंगणात जाळलेस, आणि बंदरावर पोती मोजायच्या कामाला लागलास. बोट सुरू झाल्यावर मी पहिल्यांदा तुमच्याकडे आलो. तू मला दारातच विचारलंस, "दिलंस ना?" मी म्हटलं, "दिलं." तू म्हणालास, "मग तो मास्तर खोटारडा." आणि मला आत घेतलंस. तू मला आत घ्यायला नको होतंस, असं मला कित्येक वर्षं वाटत आलं. तुझ्यावर राग येण्याइतपत वाटत आलं.

परवाने मी जाळू शकलो नाही. खिळ्यांच्या डब्यात ठेवले. ते चेहरे आता तुझ्यापेक्षा मलाच जास्त ओळखीचे असतील. एकाने फोटोत डोळे मिटले आहेत. तुमच्या उजव्या बगलेच्या पोऱ्याने कुणाचा तरी कोट घातला आहे, बाह्या बोटांपर्यंत आल्या आहेत. रेडिओवर कुणी गेल्याचं कळलं की मी त्याचा परवाना खाली ठेवत गेलो. आता वर तीनच आहेत. अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात, लढाई आली म्हणून, बाकोंगो सोडून आम्ही रानाकडे पळालो तेव्हा बायकोने भांडी घेतली आणि मी हा डबा घेतला. तिला वाटलं, हत्यारं आहेत. घर परत बांधायला लागतील म्हणून तिनेच वाटेत तो थोडा वेळ डोक्यावर वाहिला.

पंचाहत्तर साली आई आजारी होती तेव्हा फिलोमेन महिनाभर येऊन राहिली. आईच्या खाटेचा पाय हलत होता. मी कामावर होतो. तिने खिळा शोधायला डबा उघडला. ती गेल्यानंतर मी मोजले तर दहा भरले. तुझा नव्हता. मी वाट बघितली. आठवडा, महिना, वर्ष. ती काही बोलली नाही, तूही काही बोलला नाहीस. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा आलो, तिने तसाच मासा केला, तसंच वाढलं. फक्त एक झालं. गावात सगळे मला कप्तान म्हणतात, तीही लाडाने म्हणायची. त्यानंतर तिने मला कधी कप्तान म्हटलं नाही. दादा म्हणायची. मला वाटायचं, कधीतरी विचारेल. तिच्या शेवटच्या आजारात मी उशाशी बसलो होतो, तू औषध आणायला गेला होतास. तेव्हाही तिने गुडघ्याचंच विचारलं.

आता क्लोव्हिस दारात म्हणाला ते. फिलोमेनच्या प्रार्थनेच्या पुस्तकात तुला तुझा अडुसष्टचा परवाना सापडला. त्यावरून तू ताडलंस की, पुडकं तिनेच शिवलं होतं, म्हणजे भावाचा संघ जिंकावा म्हणून तिनेच परवाने आधी काढून घेतले, आणि तू जीव धोक्यात घालून नदीपार नेलंस ते पुडकं पोकळ होतं. तिने मला भावासाठी बुडवलं आणि पस्तीस वर्षं माझ्याशेजारी झोपली, असं तू मुलाला म्हणालास. माझं 'दिलं' खरं धरलं तर दुसरं काही निघत नाही. ते खरं नव्हतं. सोबत दहा परवाने आहेत, ती यादी, आणि मेणकापड. दोरा एकाच बाजूने कापलेला आहे, तो मी दाढीच्या पात्याने कापला. उरलेल्या बाजूंची तिची शिवण जशीच्या तशी आहे, बघ. तिने तुला का सांगितलं नाही, मला ठाऊक नाही. घरात तुझा तरुणपणचा एकही फोटो उरला नव्हता, एवढं ठाऊक आहे. परवाने तुमच्या क्लबात नेऊन दाखव, हे पत्रही दाखव. तिथे अजून कुणी आठवण ठेवणारं असेल. पुढच्या शनिवारच्या पहिल्या बोटीने मी येतो. तू धक्क्यावर आलास तर उतरेन आणि हे सगळं पोरांसमोर माझ्या तोंडाने सांगेन. नाही आलास तर त्याच बोटीने परत फिरेन. मामाच्या जागी माझा चुलतभाऊ तेओफिल बोलेल, त्याला अधिकार आहे, मी त्याला सांगून ठेवलं आहे. पण पोरांचं काळं उतरव. फिलोमेनकडे कुणाचं काही राहिलेलं नाही. हे वाक्य मामाने उभं राहून म्हणायचं असतं. तू मला उभं राहू देशील की नाही मला माहीत नाही, म्हणून इथे लिहून ठेवलं.

तुझाच,
अल्फोंस