नवव्या विहिरीच्या वरच्या अंगाला

२ मेहेर

मेहेर महिना लागताच तख्ताबादला पोचलो. ही बदली नसून शिक्षा आहे, हे इस्फहानच्या कचेरीतल्या कारकुनाने मला तीनदा बजावलं होतं. गिरणीच्या फाटकावर भाषणं ठोकायची खाज वाळवंटात जिरेल, म्हणाला. मला तर इथे पाय ठेवताच बरं वाटलं. चाळीस उंबरे, डाळिंबांना लालबुंद फळं, आणि शाळेच्या एकुलत्या एका खोलीत माझ्याकडे सर्कशीतला प्राणी आल्यासारखी बघणारी पोरं. पहिल्याच तासाला मी सांगितलं की माणसाच्या हट्टापुढे डोंगर सरकतो. मागे बसलेली एक मुलगी म्हणाली, आमच्या शेळीचाही हट्ट फार आहे, पण तिला अजून कुंपणसुद्धा सरकवता आलेलं नाही. वर्ग हसला. मीही हसलो.

राहायला बीबी गौहरची पुढची खोली मिळाली. बाई पन्नाशी ओलांडलेली, विधवा, जीभ कात्रीसारखी. ताटात खजूर आणि वाळवलेल्या दह्याचे गोळे ठेवत म्हणाली, आधीचा मास्तर महिनाभर टिकला. तुझा आवाज मोठा आहे, तू दोन महिने टिकशील.

६ मेहेर

गावाचं सगळं पाणी जमिनीखालून येतं. डोंगराच्या पायथ्याशी मूळ विहीर, तिथून गावातल्या हौदापर्यंत अडीच कोस भुयारी पाट, आणि वाटेत हवेसाठी नि माती उपसण्यासाठी विहिरींची रांग. यंदाच्या उन्हाळ्यात हा पाट आटत गेला आणि मागच्या आठवड्यात बंद पडला. टाक्यातलं पाणी महिनाभर पुरेल. नंतर चाळीस उंबरे दाराला कुलूप लावून वीटभट्ट्यांवर जातील आणि डाळिंबं उभी वाळतील.

पाटाची देखभाल उस्ताद खुदादादकडे. वय पासष्ट. आयुष्य वाकून खोदण्यात गेलेलं, त्यामुळे आकाश बघायचं तर त्याला पाठीवर निजावं लागतं. बीबी गौहर त्याच्याशी बोलत नाही. तो दारात उभा असताना ती मला म्हणाली, मास्तर, त्या माणसाला सांग, चहा घ्यायचा तर घे, नाहीतर उजेड अडवू नकोस. तो मला म्हणाला, मास्तर, घरच्या बाईंना सांगा, चहा घेतो. एकतीस वर्षं हे असंच चाललंय. मधे कुणी माणूस नसला तर दोघं मांजराला उद्देशून बोलतात म्हणे.

९ मेहेर

कारण कळलं. एकतीस वर्षांपूर्वी नवव्या विहिरीच्या वरच्या अंगाला, म्हणजे डोंगराच्या बाजूला, भुयाराचं छत कोसळलं. पलीकडे सफरअली अडकला; पुढच्या विहिरीकडची वाटही बुजली होती. उस्तादचा धाकटा भाऊ, बीबीचा नवरा. इथला रिवाज असा की अडकलेल्यासाठी सात दिवस खोदायचं. सातव्या दिवशी मेलेल्यासाठीची फातिहा म्हणायची आणि विहिरीच्या तोंडावर दगड रचायचे, नाहीतर एकापायी दहा जातात. पहिला दगड सख्ख्या भावाचा. उस्तादने तो ठेवला.

ढिगाऱ्यातून पाणी झिरपत राहिलं, गाव जगत राहिलं. त्या अंगाच्या विहिरी बुजवून टाकल्या, नवव्या विहिरीवरचे दगड पुढे कधीतरी हलवले, पण वरच्या अंगाला कुणी फिरकलं नाही. आता ढिगारा घट्ट बसलाय. तो फोडला तर पाणी येईल. हे गावाला ठाऊक आहे, पण कुणी उठत नाही.

१० मेहेर

मशिदीच्या ओट्यावर तासभर बोललो. म्हणालो, तुमच्या पणज्यांनी हातभर कुदळीने अडीच कोस जमीन पोखरली, आणि तुम्ही वीस हात मातीला भिता? दिवस मोजणाऱ्या हातात कुदळ शोभत नाही. माणूस मातीने मरत नाही, थांबला की मरतो.

उस्ताद मान खाली घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, मास्तर, तुमचं बोलणं छान आहे, पण ते उजेडातलं आहे. मी म्हणालो, मग मी तुमच्याबरोबर अंधारात उतरतो. उस्तादने होकाराची मान हलवली.

१८ मेहेर, सकाळ

आठवडाभर त्याने मला खालच्या अंगाला वाकून चालायला, एका हाताने माती ओढायला शिकवलं. आज वरचं अंग. पांढरे कपडे घातले. खाली मेलो तर हेच कफन. उतरण्याआधी खोदणाऱ्याने गावातल्या प्रत्येकाची माफी मागायची असते. सगळ्यांनी दिली. बीबी गौहरने तोंड फिरवलं. उस्ताद म्हणाला, मग आज नाही, वरच्या अंगाला हिच्या माफीशिवाय नाही.

बीबी मला म्हणाली, मास्तर, त्याला सांग, माझ्याकडे काय मागतोस? ज्याच्यावर दगड ठेवलास त्याच्याकडे माग.

माझा संयम सुटला. चाळीस घरांचं पाणी एका बाईच्या रुसव्यावर अडून राहणार नाही, असं मी चारचौघांत सुनावलं आणि उस्तादच्या हातात दोर दिला. कुणीतरी हसलं. तो उतरला. आता मी उतरतो.

१८ मेहेर, दुपार

घड्याळात अडीच. जुन्या ढिगाऱ्यावर उस्तादने पहिले घाव घातले आणि आमच्या मागचं छत खाली आलं. दोघंही धड आहोत. बारा पावलांची जागा. समोर जुना ढिगारा, मागे नवा. एक दिवा, तेलाची बाटली, चार भाकरी, पाण्याची पखाल अर्धी. हवा कुठून तरी येते.

तिसऱ्या प्रहरी मागून ठोके आले. तीन. आम्ही तीन दिले. गाव खोदतंय.

२० मेहेर

मागच्या कुदळी स्पष्ट ऐकू येतात. पाणी दिवसाला दोन ओंजळी. उस्तादच्या अंदाजाने मागे दहा-बारा हात माती आहे. सात दिवसांत पोचतील. मी म्हणालो, तुमच्या गावाला साताच्या पुढे मोजता येत नाही, एवढीच काळजी आहे. तो हसला. त्याला हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

तेल वाचवायला दिवा मालवून बसलो होतो. तेव्हा समोरून आवाज आला. कुदळीचा एक घाव, मग माती खरवडून मागे ओढल्याचा. पुन्हा घाव. समोरून, जिकडे माणूस उतरायला वाटच नाही, तिकडून. मी म्हणालो, मागच्या आवाजाचा पडसाद असेल. उस्तादने भिंतीला कान लावला आणि तो काढेचना. म्हणाला, घाव डावखुरा आहे.

सफरअली डावखुरा होता.

२२ मेहेर

मागचे घाव मंदावले. दमलेत. समोरचे नाही. घाव, ओढ. घाव, ओढ. तो जेवायला थांबत नाही, नमाजाला थांबत नाही.

आज उस्ताद बोलला. सातव्या दिवशी त्याने दगड ठेवला तेव्हा आतून ठोके येत होते. त्याने ऐकले. कुणाला सांगितलं नाही. बारा माणसं दमून पडली होती, छत पुन्हा कुरकुरत होतं, आणि रिवाज होता. मी म्हणालो, मग तो सुटायला धडपडतोय. उस्ताद म्हणाला, नाही मास्तर, सुटायचं असतं तर वर उजेडाकडे खोदत गेला असता. तो गावाकडे येतोय. तो विचारायला येतोय. आधी मला विचारेल, मग दगड ठेवणाऱ्या बाकीच्यांना.

बाकीचे कुठे आहेत, मी विचारलं.

मेले, म्हणाला. त्यांची नातवंडं तुमच्या शाळेत बसतात.

२३ मेहेर

उस्ताद गेला.

मला डुलकी लागली तेव्हा तो भिंतीला तोंड लावून पुटपुटत होता — माफ कर, सफर, माफ कर. जाग आली तेव्हा घाव थांबले होते. दिवा लावला. तो तिथेच, गुडघ्यांवर. तोंडात घशापर्यंत ओली माती ठासलेली.

तहानेने त्याने भिंतीची ओल चोखली असेल. मी तसंच लिहितो.

भिंत चाचपली. कोरडी आहे. सगळीकडे कोरडी.

डोळे मिटवले त्याचे. घाव पुन्हा सुरू झाले.

२४ मेहेर

सातवा दिवस. मागे सगळं गप्प. मग वरून खूप आवाज एका सुरात. फातिहा.

मी ठोकले. तीन. तीन. तीन. अंगठ्याचं नख निघालं. एका बाईचा आवाज सगळ्यांच्या वर चढला होता, शिव्या देत होती, थांबू नका म्हणत होती — बीबी —

दगडावर दगड. मोजले. मग तिचाही आवाज नाही.

२५ किंवा २६

तेल संपलं. बोटाने ओळ धरून लिहितो.

जिवंत होते ते सात दिवसांनी थांबले. हा थांबत नाही. एकतीस वर्षं — मी ओट्यावर उभा राहून ज्या माणसाची गोष्ट सांगत होतो तो हाच —

भिंत ओली लागली. चाटली. पाणी आहे. त्याच्या मागे पाणी आहे. फुटली तर गाव वाचेल.

कुदळ उचलली. मी इकडून, तो तिकडून. माझा घाव, त्याचा घाव. ताल जुळला. लिहायला लाज वाटते — एकटं वाटत नाही.

तारीख नाही

भोक पडलं. धार आली. धारेतून हात. डावा. माझ्या कपाळावरून फिरला, नाकावरून, तोंडाशी येऊन थांबला. मी ओठ मिटून घेतले. बोटांनी बराच वेळ —

मी दगड ठेवणाऱ्यांतला नाही हे कळलं असावं. सोडलं. माझ्या अंगावरून पुढे गेला. वजन होतं. उस्तादवरूनही गेला.

आता मागच्या ढिगाऱ्याशी आहे. घाव. ओढ. गावाकडे.

पाणी कमरेला. वही डोक्यावरच्या छताला टेकवून लिहितो. तो पोचला तर पाणी पोचेल. पाणी पोचलं तर तो —

पोरं हौदापाशी खेळतात. पाणी आलं की पहिली तीच धावतील.

सांगायला हवं त्याला. एकच शब्द. आयुष्यात कुणाला म्हटला नाही तो. जीभ वळत नाही — तोंड उघडलं की त्याला ऐकू — तो माझ्याकडे वळेल, वळू दे, तेवढा वेळ तरी —

उघडतो.

सफरअली, थां