ओठांनी काढलेलं टोक

४ जानेवारी
लिहीन लिहीन म्हणत महिना ढकलला, आज बसलोच. कितीतरी गावं आणि कामं बदलून झाली, पण हा घड्याळांचा कारखाना मनात भरलाय. खाली काम, वर राहायला खोली. तबकडीवरच्या आकड्यांना रेडियमचा रंग द्यायचा, म्हणजे ते अंधारात चमकतात. कुंचल्याचे केस विस्कटले की ओठांत धरून टोक काढायचं. कामावर शेजारी बसणारी ताई म्हणते, तोंडाला इतका वेळ काम मिळालं तर तुझी बडबड तरी थांबेल. समोरच्या कौलांवर एक मांजर रोज— जाऊ दे, रंगाचं सांगत होतो. चव खडूसारखी.

२० जानेवारी
तपासणीच्या काळोख्या खोलीत ताईने दातांना रंग फासला. नुसतं हसू हवेत तरंगत होतं. पोट दुखेस्तोवर हसलो.

पुढचं वर्ष, ९ ऑगस्ट
पुन्हा खंड. ताईची दाढ काढली, जखम भरतच नाही. मॅनेजर म्हणतात, दात घासत नसेल.

२ सप्टेंबर
ताईच्या जबड्याचा तुकडा निघाला. डॉक्टरांनी तो काळ्या कागदात बांधलेल्या फिल्मवर ठेवला. उजेड नसताना फिल्मवर त्याचं चित्र उमटलं.
डॉक्टर म्हणाले, "हाडाला रेडियम म्हणजे चुनाच वाटतो. आपला समजून आत घेतं. मग रेडियम त्याला आतून जाळत बसतं."
बाहेर कसं काढायचं, विचारलं. "हाडातून ते निघत नाही," म्हणाले.

११ नोव्हेंबर
ताई गेली.
सगळ्यांना सांगितलं, कुंचला तोंडात घालू नका. दोन दिवस चिंधीने टोक काढलं. काम मागे पडलं, मॅनेजर ओरडले. पुन्हा सगळ्यांच्या ओठांत कुंचले.
माझी दाढ हलतेय.

डिसेंबर
जबडा बांधलाय. बोलता येत नाही, पाटीवर लिहून सांगतो. कूस बदलताना मांडीचं हाड मोडलं— नुसती कूस—

तारीख माहीत नाही
मॅनेजर येऊन गेले. माझी धाकटी बहीण आलीय म्हणे. घर सोडल्यापासून पाहिली नाही तिला. शोधत शोधत इथवर— मॅनेजर म्हणाले,
"तू झोपला होतास. तिला म्हटलं, तोवर हात चालवून बघ. तुझ्याच जागेवर बसवलीय. टोक काढायला लगेच शिकली."
पाटीवर लिहीपर्यंत ते जिना उतरलेही.
काठीने जमीन ठोकतोय. खाली हसताहेत. तिचंच हसणं— तोंडात काहीतरी धरून—
ठोकतोय— कुणीतरी वर—