मोहरीएवढ्या तोंडातले हजारो दात

ती. आत्यास,

वाकून नमस्कार. (दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून पाठ धरली आहे, तेव्हा हा खुर्चीतूनच गोड मानून घे.) तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? आतोबांचा खोकला हटला का? इकडे आम्ही सगळे ठीक, फक्त संख्येने फार वाढलो आहोत. सांगतो.

दवाखान्यात पेशंट बसतात तिथे मी माशांची टाकी ठेवली. आतून ड्रिलचा आवाज येत असताना माणसाला बघायला काहीतरी हवं, एवढाच हेतू. शोभेला एक पाणवनस्पती आणली, आणि तिच्या पानाखाली चिकटून एक गोगलगाय फुकटात आली. मोहरीएवढी. म्हटलं, राहू दे, एकटी काय करणार? आत्या, ती एकटीच पुरेशी होती. (त्या जातीत एकच जीव नवराही असतो आणि बायकोही. हे ऐकून हिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.) बघता बघता काच ठिपक्यांनी भरली. वेचून काढल्या, तर उरलेल्यांनी मोकळी जागा पाहून संसार वाढवला. गोगलगायी खाणारा मासा आणला, तर तो दगडाआड बसून इतरांचं खाणं खाऊ लागला आणि त्या त्याच्या पाठीवरून ये-जा करू लागल्या. शेवटी उकडलेल्या काकडीची चकती रात्रभर टाकीत ठेवायची आणि चिकटलेल्या गोगलगायींसकट सकाळी काढायची, हा उपाय लागू पडला.

पहिलीच चकती टाकून द्यायला निघालो, तर काकडी अशी नाजूक कोरलेली, की माझी हत्यारं लाजावीत. भिंग आणलं. काचेवरचं एक तोंड उघडत होतं, मिटत होतं, शेवाळ खरवडत होतं. मग वाचून काढलं. आत्या, तिच्या जिभेवर हजारो दात असतात! रांगांनी. पुढचे झिजले की मागून नवे सरकत येतात. उभा जन्म लोकांचे बत्तीस वाचवण्यात गेला, आणि इथे हा कारखाना कुणाच्याही मदतीवाचून चालू. त्या दिवसापासून मी भिंग टाकीपाशीच ठेवलं.

एक निवृत्त बसड्रायव्हर गाल सुजवून यायचे आणि आपलं नाव पुकारलं की पसार व्हायचे. पू जबड्यात उतरत चालला होता, आणखी उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं. मी त्यांना भिंग दिलं आणि दातांची हकिकत सांगितली. ते बराच वेळ बघत राहिले.

"एवढीशी ही, आणि एवढं सांभाळते," ते म्हणाले. "डॉक्टर, माझी एक दाढ काढा."

आणि आपण होऊन आत आले. दाढ निघाली तेव्हा रडले, पण पळाले नाहीत. आता येतात ते फक्त टाकी बघायला.

माशांचं खाणं कमी केलं, तशा गोगलगायीही आवरल्या आहेत. उरलेल्यांना हात लावायचं धैर्य मला नाही. आतोबांना माझा नमस्कार सांग.

तुझा भाचा

ता. क. ताईचा फोन आला होता. तू हल्ली एकाच बाजूने चावतेस आणि विचारलं की भूक नाही म्हणतेस. तेव्हा ये. नुसत्या गोगलगायी बघायला ये, खुर्चीचा आग्रह नाही.

आणखी ता. क. हिने पत्र वाचलं आणि विचारलं, तुमची स्वतःची दुखरी अक्कलदाढ कधी काढणार? माझ्या हाताखालच्या डॉक्टरीणबाई पक्कड घेऊन तयारच आहेत. आत्या, खरं सांगतो, मला फार भीती वाटते. तू लवकर ये. आधी मी बसतो, तू फक्त माझा हात धर.