बेंचवरची क्वार्टरबॅक

दौंड,
सोमवार, संध्याकाळ

प्रिय गौतमी,

सप्रेम जय भीम. खुशाली मागून सांगते, आधी बातमी ऐक. हैदराबादच्या कॅम्पात तुमचे मोबाईल काढून घेतलेत म्हणजे तुला ती कळलेली नसणार, आणि माझ्या पोटात ती सकाळपासून मावत नाहीये. आपला टोबी, तो अमेरिकन फुटबॉलवाला, जिंकला. खेळला आणि जिंकला. दोन वर्षं टोपी घालून बाजूला उभा राहिलेला तो पोरगा आज मैदानात उतरला, आणि अगदी शेवटी त्यानं असा बॉल फेकला की मी उठून उभी राहिले ती हातातला चहा आजीच्या लुगड्यावर सांडूनच. त्या नादात माझी केडगावची गाडी चुकली. शाळेत उशिरा पोचले आणि हेडमास्तरांना सांगितलं, गाडी लेट होती. दौंडात राहण्याचा एवढा एक फायदा आहे, रेल्वेवर काहीही ढकलावं, लोक विश्वास ठेवतात. तुझ्या पप्पांना मात्र कळू देऊ नकोस, त्यांना रेल्वेची बदनामी सोसत नाही. आणि तुला कॅम्प सोडून घरी यायचंय, हे मी विसरलेले नाही. त्यावर येतेच, पण मला माझ्या क्रमानं सांगू दे.

सकाळी पावणेसहाला टीव्हीवर मॅच सुरू झाली. तू गेल्यापासून तुझ्या जागेवर आजी बसते. तिला नियम कळत नाहीत, पण माणसं कळतात. बॉल हातात असलेल्या पोरावर चार-पाच धिप्पाड गडी धावून गेले की तिचं ठरलेलं असतं, "एकट्या लेकरावर एवढी जणं धावत्यात, ह्याला काय खेळ म्हणायचा व्हय?" दुसऱ्या क्वार्टरमध्ये टोबीच्या टीमचा बॉल फेकणारा म्हातारा क्वार्टरबॅक पडला आणि गुडघा धरून लंगडत बाहेर गेला. लगेच कॅमेरा टोबीवर. त्यानं टोपी काढली, हेल्मेट चढवलं. आणि ह्या महाशयांनी पहिलाच बॉल थेट समोरच्या टीमच्या हातात नेऊन दिला. अख्खं स्टेडियम हुर्यो करायला लागलं, स्वतःच्याच पोराची. खरं सांगते, मीही ओरडले, बसवा रे ह्याला खाली. तेव्हा आजीनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी तिच्या पोटच्या पोराला काही बोलले. म्हणाली, "आगं, आत्ता तर आलाय त्यो. दमानं घे की जरा."

त्यांच्या कोचनंही दमानंच घेतलं. त्यानं टोबीला बाहेर काढलं नाही. जवळ बोलावलं, हातातला कागद दाखवून काहीतरी विचारलं, टोबीनं मान हलवली आणि परत आत. मग त्यानं लहान लहान बॉल टाकायला सुरुवात केली. पाच यार्ड, सात यार्ड, पुन्हा पाच. काही भपका नाही. शेवटची दोन मिनिटं राहिली तेव्हा ते चार पॉइंटांनी मागं होते. समोरून दोघं सुसाट त्याच्या अंगावर आले. पहिल्या वर्षीचा टोबी असता तर त्यानं घाबरून बॉल कुठंही भिरकावला असता. आज तो थांबला. माणसं अंगावर येतायत, आणि हा बॉल कानाशी धरून एवढासा क्षण थांबला, आणि मग कोपऱ्यात टाकला. टचडाऊन, एका फटक्यात सहा पॉइंट. मी चहा सांडला तो तेव्हा. लोक त्या फेकीचं कौतुक करतील, मला त्या थांबण्याचं जास्त वाटलं. तू असतीस तर आपण दोघींनी मिळून शेजारच्यांची झोपमोड केली असती.

तुझी ती दोन वर्षांपूर्वीची दिवाळी आठवते का? तू पुण्याहून भाला सोडून ह्या नव्या खेळाचं खूळ घेऊन आली होतीस आणि मी तणतणत होते. जिल्ह्यात पहिली आलेली भालाफेकवाली मुलगी लिंबाच्या आकाराच्या बॉलमागं लागली, म्हणून शाळेतल्या बायकांसमोर मला तोंड दाखवायची चोरी झाली होती. मग तू स्वयंपाकघराच्या फरशीवर शेंगदाणे मांडून मला दोन्ही टीम दाखवल्यास. माझ्या कमरेला दोन फडकी खोचलीस आणि म्हणालीस, आमच्या फ्लॅग फुटबॉलमध्ये पाडापाडी नाही, एवढी पट्टी ओढली की झालं. आणि मोठा खेळ कसा असतो ते दाखवायला ही अमेरिकेतली मॅच लावलीस. टोबी तेव्हा कोरा करकरीत होता. त्या वर्षीच्या नव्या पोरांत सगळ्यांच्या आधी निवडलेला, म्हणून पहिल्याच आठवड्यापासून खेळवायला घेतलेला. बिचारा नुसता आपटत होता. शेवटी त्याला बसवला तेव्हा मी त्या कोचला अस्सल दौंडच्या शिव्या घातल्या. तू मांडलेल्या टीममधला एक शेंगदाणा तोंडात टाकलास आणि म्हणालीस, बरं झालं बसवला, आता शिकेल तरी. हे तुझं बोलणं आहे बाई. माझं असतं तर मी एव्हाना विसरले असते.

काल तुमच्या त्या दहा मिनिटांच्या फोनमध्ये तू निम्मा वेळ रडलीस. सरावाच्या मॅचमध्ये तुझे एकामागून एक तीन बॉल समोरच्यांनी झेलले, कोचमॅडमनी तुला बाहेर काढलं आणि त्या चेन्नईच्या तिशीतल्या क्वार्टरबॅक ताईच्या मागं उभं केलं, हातात खेळांच्या आखणीचा कागद देऊन. यंदा तू तिच्याजवळ राहून फक्त बघायचं, असं त्या म्हणाल्या. तू म्हणालीस, मी काय कागद धरायला हैदराबादला आलेय का. वर तुला मैत्रिणीच्या पत्रातून चौकातल्या त्या फ्लेक्सबद्दल कळलेलं होतं. माझ्या लेकीला घरापासून इतक्या लांब, भर मैदानात लाज वाटावी, आणि त्या लाजेत आपल्या चौकाचा वाटा असावा, ह्याचा मला इतका संताप आला की फोन ठेवल्यावर मी आधी विळा शोधला.

त्या फ्लेक्सची हकिगत तुला अर्धीच कळली आहे. तू कॅम्पला निघालीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुझ्या सावळाराम काकानं मंडळाच्या पोरांना घेऊन तो चौकात चढवला. तुझा बॉल घेतलेला फोटो मधोमध, वर भलंमोठं "भारताची क्वार्टरबॅक", आणि खाली गॉगल लावलेले सगळे शुभेच्छुक, त्यातल्या निम्म्यांना हा खेळ पायानं खेळतात असंच वाटतं. मी त्याला तेव्हाच म्हटलं, भाऊजी, अहो अजून भारताची टीम निवडली नाही, ही नुसती शिकायला गेलीये. तर म्हणाला, "वहिनी, आज न्हाई तर उद्या व्हनारच हाय. आदी लावला म्हंजी पोरीला हुरूप येतो." आपल्याकडं बारशाच्या आधी सत्कार करायची पद्धत आहे, त्याला तो तरी काय करणार. जीव आहे त्याचा तुझ्यावर. पण काल संध्याकाळी मी विळा घेऊन चौकात गेले, स्टूलवर चढले आणि दोऱ्या कापल्या. पोरं बघत राहिली. काका धावत आला, मी त्याला तू रडलीस एवढंच सांगितलं. त्यानं खाली पडलेल्या फ्लेक्सची गुंडाळी केली आणि गोठ्यावर नेऊन टाकली. गळकं छप्पर झाकलं गेलं, तेवढा तरी उपयोग. तेव्हा चौकाची काळजी सोड, तिथं आता फक्त पाणीपुरीवाला आहे.

पप्पांना हे सगळं मी रात्रीच्या जेवणाच्या ताटावर सांगितलं. तुला माहीतच आहे, त्यांना एक वाक्य बोलायला दोन भाकरी लागतात. काल मात्र आपणहून बोलले. रेल्वेत लागल्यावर कितीतरी वर्षं ते इंजिनात ड्रायव्हरशेजारी असिस्टंट म्हणून बसायचे. गाडी ड्रायव्हर चालवणार, ह्यांनी सिग्नल दिसला की मोठ्यानं त्याचा रंग सांगायचा. लग्न झालं तेव्हा मी सगळ्यांना सांगत फिरले होते की माझा नवरा रेल्वे चालवतो, आणि हे कोपऱ्यात मान खाली घालून बसायचे. काल म्हणाले, "मला लई राग यायचा तवा. वाटायचं, चालवाया आलो आन् नुसतं हिरवा, पिवळा, तांबडा वरडतोय. पन पैल्यांदा मनमाडकडं एकट्याच्या जिवावर मालगाडी काढली ना, तवा पाऊस मी म्हणत हुता, समोरचं कायबी दिसंना. आन् मला ठावं हुतं, पुढचा सिग्नल कुठं हाय. वरडून वरडून पाठ झालेला." एवढं बोलून त्यांनी आमटी वाढून घेतली. मी लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली. आजी म्हणाली, "मला ठावं हुतं. रोज रागानं येऊन माझ्यावर डाफरायचा."

मी तुला धीर धर म्हणून सांगणार नाही. मला स्वतःला दूध उतू जाईपर्यंत धीर धरवत नाही, आणि टोबीला पहिल्या बॉलला बसवा म्हणणारी मीच. तुला राग आला असेल तर येऊ दे. तीन बॉल गेले ते गेलेच, त्यात माझ्या पोरीची चूक नव्हती असं मी म्हणणार नाही. पण सकाळी टोबी थांबला ना, तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं की ह्या पोरानं त्या थांबण्यासाठी दोन वर्षं दुसऱ्याचा खेळ बघितलाय. तो अमेरिकेतला, लाखो लोकांच्या शिव्या खाणारा. तुला तर फक्त एक चौक होता, तोही मी कापून आणला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. काल फोन ठेवताना तू हळू आवाजात म्हणालीस, आई, कोचमॅडमना फोन करून सांग की आजी सिरीयस आहे, म्हणजे मला काही न विचारता सोडतील. मी बरं म्हणाले होते, आणि आज मधल्या सुट्टीत मी त्यांना फोन लावला. गौतमी, मला ते बोलवलं नाही. जी बाई सकाळी माझ्या शेजारी बसून एका परक्या लेकराची बाजू घेत होती, तिला मी आजारी कसं पाडू? कोचमॅडम हिंदीत विचारत होत्या, बोला, काय काम होतं. माझ्या तोंडून भलतंच निघालं. मी विचारलं, कॅम्पातली रविवारची मॅच घरच्यांना बघायला मिळते का. त्या म्हणाल्या, जरूर या, पण आधीच सांगते, तुमची मुलगी त्यात खेळणार नाही, ती बेंचवर असेल. मी म्हटलं, आम्हाला माहीत आहे, आम्ही तेच बघायला येतोय. घरी येऊन सांगितलं तर पप्पांनी रजेचा अर्ज टाकला, आणि आजीनं पिशवी भरायला घेतली. सावळाराम काकाही येतोय, हार-गुलाल काही आणणार नाही अशी शपथ घेऊनच. शनिवारी निघू. परतीचं एक तिकीट तुझ्याही नावानं काढलंय. मॅच संपल्यावर तुला यावंसं वाटलं तर आमच्याबरोबर चल, कोणालाही कारण सांगायची गरज नाही, नाहीतर ती जागा रिकामी येईल. पण त्याआधी तू तो कागद धरून त्या ताईच्या मागं उभी राहा. बॉल कुठं गेला, कोणी पळाला, कोणी जिंकलं, ते बघायला बाकीची माणसं असतील. आम्ही चौघं पूर्ण वेळ तुझ्याकडं बघत असू.

तुझीच,
आई