पंखा का फिरत नव्हता

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी लिहायला बसले आहे ते रेडिएटरच्या पंख्यावरून. हसाल तुम्ही. हसा. सकाळी एकाची गाडी आली. उभी राहिली की तापमानाचा काटा वर, चालू लागली की खाली. "काटाच खराब आहे," तो म्हणाला आणि मी त्याच्या अंगावरच गेले. मग माझं मलाच हसू आलं. हेच वाक्य मी आपल्या रत्नागिरीच्या गॅरेजात तुमच्यासमोर ठासून म्हटलं होतं.

ऐंशी सालानंतरचे दिवस ते. तोवर आपण पाहिलेल्या गाड्यांचे पंखे पट्ट्यावरचे, इंजिन सुरू झालं की गरगरणारे. डॉक्टरांनी नवी छोटी गाडी घेतली, तिचा पंखा विजेवरचा, पाणी तापल्यावरच सुरू होणारा. "ही तूच बघ," तुम्ही म्हणालात. मुलीच्या हातात पाने-पकडी कशाला देता, असं लोक तुम्हाला तोंडावर विचारत होते. तुम्ही त्यांच्यादेखतच मला पुढचं काम सांगायचात. पण ही गाडी जमली नाही तर माझं गॅरेजमधलं शिकणं संपलं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

खंडेनवमीला ती गाडी आपल्याकडेच सर्व्हिसिंगला होती. गॅरेजात उभ्या असतील तेवढ्या गाड्यांची बॉनेटं उघडून इंजिनाला हार घालायचा, ही आपली रीत. हार मीच केले. दोरा तुटतो म्हणून काथ्यात ओवले आणि दुसऱ्या दिवशी घाईघाईत ओढून काढले. आठवड्याच्या आत डॉक्टर हजर, काटा वर जातोय म्हणून. मी पाणी बघितलं, भरलेलं. गावातून एक फेरी मारली, काटा जागच्या जागी. "काटा खोटं बोलतोय," मी जाहीर केलं, त्याचा सेन्सर बदलला आणि गाडी देऊन टाकली. काय तो माझा तोरा!

दोन दिवसांनी भाट्याच्या पुलावर एक ट्रक बंद पडला. मागे सगळ्या गाड्या खोळंबल्या आणि त्या रांगेत डॉक्टरांची गाडी उकळली. दोरखंड बांधून ती ओढत आणली. "पोरीवर सोपवलीत होय माझी गाडी?" डॉक्टर दारातूनच कडाडले. तुमचा आवाज मात्र नेहमीचाच. "चूक माझी. मी तपासून द्यायला हवी होती. पण गाडी तिनं बघितलीय, परत तीच बघील. बसा, चहा घ्या."

इंजिन निवल्यावर पाणी भरलं. नशिबाने इंजिनाला इजा झाली नव्हती. "धावत्या गाडीला वारा लागतो गो बाय," तुम्ही म्हणालात. "उभी करून तापव नि कान दे." काटा चढत गेला, पंखा गप्प. फ्यूज उडालेला होता. नवा घातला, तोही उडाला. इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवू गेले तर हलेना. पात्यांमागे काथ्या गच्च गुंडाळला होता आणि त्यात झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. जुन्या गाडीत असा तुकडा राहिला असता तर इंजिन सुरू होताच खडखडला असता. इथे पंखा सुरू व्हायचाच उशिरा, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही.

"देव पावला असंल, पंखा काय पावला नाय," एवढंच तुम्ही म्हणालात आणि काथ्या नेऊन डॉक्टरांपुढे ठेवलात. आमच्याच हाराचा, असं सरळ सांगितलंत. डॉक्टर असे हसले की कप हिंदकळला. पुढल्या खेपेस गाडी घेऊन आले ते मलाच विचारत. अण्णा, तुमचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. आज दाखवते. त्या दिवशी तुम्ही मला झाकलं नाहीत आणि टाकलंही नाहीत.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. डॉक्टर कडाडले तेव्हा मी आत गेले ती पाना आणायला, असं तुम्हाला वाटलं. मी मागच्या दाराची कडी काढली होती. मामाकडे गुहागरला निघून जायचं आणि पुन्हा गॅरेजात पाऊल टाकायचं नाही, असं ठरवून एक पाय बाहेर टाकलाही होता. तेवढ्यात "परत तीच बघील" कानावर आलं. मी कडी लावली, हाताला लागला तो पाना उचलला आणि बाहेर आले. तो भलत्याच नंबरचा होता. तुम्ही पान्याकडे बघितलंत, मग माझ्याकडे, आणि म्हणालात, "चालंल."