कडेचे आकडे

अप्पा, तुमच्या कॅमेऱ्यात राहिलेला रोल मी धुतला आणि तो कोरा निघाला. तुम्ही गेल्यावर आईने कॅमेरा तसाच कपाटात ठेवला होता. वीसेक वर्षं त्याला कुणी हात लावला नाही. या उन्हाळ्यात घर रंगवायला काढलं तेव्हा तो बाहेर आला. आत रोल आहे म्हटल्यावर आई म्हणाली, "त्यात मी हाय. गच्चीवर उभं केलं होतं मला, अंजिरी साडीत. आमटी उतू चालली म्हणून मी ओरडतीया, आणि हे म्हणतात, हनुवटी जरा वर घे. तू धू की. तुला शिकवलंय त्यांनी." साऱ्या गल्लीचे रोल तुम्ही हौसेने धुतलेत, पण आईचा एकटीचा असा एकही फोटो घरात नाही. मी होय म्हणाले.

शिकवलं होतं, हे खरं. ऑफिसातून आल्यावर तुम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीला जाड चादर लावायचात आणि आई कुरकुरत का होईना, ओटा रिकामा करून द्यायची. त्यातला एक दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. शेजारचे काका तणतणत येतात. नातवाच्या जावळाचा रोल कोरा आलाय. "घालवलात की हो माझा रोल!" तुम्ही फिल्मची पट्टी उजेडात धरता. "कडेला बारीक आकडे दिसतात का?" "दिसतात. त्याचं काय?" "ते कंपनीनंच उमटवलेले असतात. माझी धुलाई चुकली असती तर तेही आले नसते. तुम्ही भिंगावरची टोपी काढली नव्हती, काका." आतून आई म्हणते, "डोक्यावरची काढली असंल त्यांनी!" आणि काकाच सगळ्यांत मोठ्याने हसतात. ते गेल्यावर तुम्ही मला हळूच म्हणालात, "आकडे नसते तर चूक माझी. पाय धरावे लागले असते त्यांचे."

औषधं मी बाहेरून मागवली. बाटल्या मात्र तुमच्याच, त्या दोन तपकिरी, सारख्या दिसणाऱ्या. चित्र उमटवणारा डेव्हलपर आधी, ते पक्कं करणारा हायपो नंतर, आणि हायपोच्या बाटलीच्या गळ्यात दोरा. हायपो आधी पडला तर फिल्मवरचं सगळं विरघळून जातं, म्हणून तो दोरा. सोलापूरचा मे महिना, औषध कोमट झालेलं. तुम्ही करायचात तसं दोन्ही बाटल्या बादलीत, बर्फाच्या पाण्यात ठेवल्या. तेवढ्या वेळात चादरीखाली हात घालून रोल धुलाईच्या डब्यात चढवला. बादलीपाशी परत आले तर दोरा सुटून पाण्यावर तरंगत होता. इतक्या वर्षांचा, कुजलेला. मी तो उचलला आणि मला वाटली त्या बाटलीला बांधला. शंका आली तर रोलचं कापलेलं टोक बुडवून बघ, असं तुम्ही किती वेळा सांगितलं होतं. काळं पडलं तर डेव्हलपर, काचेसारखं झालं तर हायपो. ते टोक तिथेच ओट्यावर पडलेलं होतं. एकदा मी न विचारता औषध ओतलं तेव्हा तुम्ही रागावला होतात, "अंदाज आमटीत चालतो, इथं नाही." तेही आठवलं. तरी ओतलं. आपल्याला येतंय, असं वाटत होतं मला.

पट्टी बाहेर काढली ती या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ, काचेसारखी. कडेचे आकडेसुद्धा नाहीत. आई दाराशी पाटावर बसली होती, पट्टी वाळत घालायचे चिमटे मांडीवर घेऊन. "आलं का गं?" मी म्हणाले, "कोराच होता. फोटो निघालेच नसतील." तिने मांडीवरचे चिमटे खाली ठेवले. मग म्हणाली, "शेवटी डोळं गेलंच होतं की त्यांचं. बरं झालं त्यांना कळलं न्हाय, लई मनाला लावून घेतलं असतं." आता येईल त्याला ती हेच सांगते. काल समोरच्या वहिनींना म्हणाली, "साऱ्या गावाच्या टोप्या काढल्या, आणि माझ्याच वेळंला टोपी राहिली बघा त्यांची." वहिनी हसल्या. मी पण मान हलवली. तुम्ही तिला नीट बघून, हनुवटी वर घ्यायला लावून फोटो काढला होता, आणि तो त्यात होता. तो मी घालवला. वर दोष तुमच्यावर ढकलला.

हे तुम्हाला पोचणार नाही म्हणूनच लिहिता आलं. आईसमोर बसले की तोंड उघडत नाही. आणखी एक राहिलं. त्या दिवशी पट्टी बघायला तिने हात पुढे केला होता. औषध हाताला लागेल, म्हणून मी दिली नाही. औषध केव्हाच धुऊन गेलं होतं. पण जावळाच्या त्या रोलला चिमटे तिनेच लावले होते, अप्पा. कडेला काय बघायचं ते तिला माहीत आहे.